युनुसभाई, ती चूक माझी होती

युनुसभाई,

तुम्ही गेल्यापासून लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलताहेत. कॅम्पवर दूध घालणारा, उमरखेडच्या स्टँडसमोरचा चहावाला, आपले मालक, सगळेच. देवमाणूस होता म्हणतात. मी मान हलवते आणि तंबूमागे जाऊन पॅडलं धुवायला लागते, कारण तिथं उभी राहिले तर माझ्या तोंडून भलतंच काही निघेल. मला तुमचा राग आला आहे. चाळीस दिवस व्हायचे आहेत अजून, इतक्यात गेलेल्या माणसाशी भांडू नये हे मलाही कळतं. पण तुम्हाला माझं तोंड माहीत आहे.

पंधरा वर्षं तुम्ही ऋषिकेशला गंगेवर राफ्ट चालवली, मग सहा हंगाम इथं पैनगंगेवर. किती लोकांच्या हनुवटीखालचे पट्टे तुम्ही स्वतःच्या हाताने ओढून पाहिले असतील. एका गृहस्थाने फोटोत केस नीट दिसावेत म्हणून मध्येच हेल्मेट काढलं, तर तुम्ही राफ्ट काठाला लावून त्याला उतरवून दिलं होतं. बाभळीच्या काट्यातून चालत आला बिचारा. आणि तुम्ही स्वतः? उमरखेडहून पुसदला जाणारा रस्ता, मोटारसायकल, आणि हेल्मेट हँडलला अडकवलेलं. तुरीच्या शेतातून रोही निघाला, घोड्याएवढं जनावर, आणि थेट गाडीवर आला. तुरीचे दिवस आहेत, रोही येणारच. आमच्या गावात कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

डॉक्टर म्हणाले, बाकी अंगावर खरचटल्याखेरीज काही नव्हतं. फक्त डोकं.

आता याला मी काय म्हणू?

मी कॅम्पवर आले ती नावं लिहून घ्यायला. टेबलाशी बसायचं, येणाऱ्यांचं वय, वजन, आजार विचारायचे आणि फॉर्मवर सही घ्यायची. तुम्ही पहिल्याच दिवशी टेबलापाशी येऊन विचारलंत, "पोहता येते का तुले?" मी म्हटलं, विहिरीत पोहते, लहानपणापासून. तुम्ही म्हणालात, "विहिरीत पाणी उभं असते. ते पोहणं नाही, ते आंघोळ आहे." बाकीचे हसले. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मीच आले, म्हटलं, मग शिकवा.

त्यानंतर तुम्ही मला जो त्रास दिलात तो मी कोणाला सांगितला तर खोटा वाटेल. आठवडाभर पाण्याला हात लावू दिला नाही. रोज सकाळी एका काळ्या खडकावर बसवायचं आणि विचारायचं, "पाणी काय म्हणून राह्यलं?" मी म्हणायचे, काही नाही म्हणत, वाहतंय. तुम्ही निघून जायचात. तिसऱ्या दिवशी मला दिसलं की एका जागी पाणी उलटं, वरच्या अंगाला फिरतंय आणि एक वाळलेली काडी तिथंच गोल गोल हिंडतेय. मी धावत सांगायला आले. तुम्ही कांदा चिरत होतात. मान वर न करता म्हणालात, "हां. तिथं दगड आहे खाली. आता उद्या दुसरा शोध." शाबास म्हणायला काय जात होतं तुमचं?

मग जॅकेट घालून खळाळात उडी मारायला लावलीत. पाय पुढे, पाठीवर झोपून वाहत जायचं, काठाला लागायचं, चढून वर यायचं आणि पुन्हा उडी. मी नाकातोंडातून पाणी गाळत वर आले की तुमचं एकच: "आणखी एकदा." माझे गुडघे त्या हंगामात कधी बिनजखमेचे नव्हते. आई म्हणायची, सोयाबीन सोंगायला गेली असतीस तरी एवढी फुटली नसतीस.

आणि आमच्या घरी आलात तो दिवस. तो तर मी कधीच विसरणार नाही. मी टेबल सोडून राफ्टमध्ये बसणार म्हटल्यावर घरी खळबळ उडाली होती. बाबांनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलात. चहा झाला, कापसाच्या बोंडअळीवर बोलणं झालं. मग बाबांनी विचारलं, "युनुसभाऊ, पोरीले काही होणार तं नाही ना?"

कोणीही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, काळजी करू नका. तुम्ही म्हणालात, "होऊ शकते."

आईने बशी खाली ठेवली. बाबा म्हणाले, "म्हंजे?"

"बुडू शकते. दगडावर डोकं आपटू शकते. गंगेवर माह्या डोळ्यासमोर दोन माणसं गेली. ते दोघंही चांगले पोहणारे होते. म्हणून तं मी हिले एवढं छळून राह्यलो."

मला वाटलं, संपलं. उद्यापासून कपाशीत. बाबांनी चहा संपवला, कप उपडा करून ठेवला आणि म्हणाले, "मंग छळा." तुम्ही गेल्यावर आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही आणि मी तुमच्याशी. खोटं एक वाक्य बोलायचं होतं, भाई. सगळं गोडीत झालं असतं. पण नाही.

म्हणूनच सप्टेंबरातल्या त्या दिवसाचं मला उमगत नाही. माझ्या बापासमोर खोटं न बोललेला माणूस त्या दिवशी तीस लोकांसमोर इतक्या सहज कसा खोटं बोलला?

तेव्हा मी मागच्या जागेवर बसायला लागून महिना झाला होता. मागची जागा म्हणजे गाइडची. तिथून राफ्ट वळवायची, तिथूनच हुकूम सोडायचे. दारव्ह्याच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल आली होती. माझ्या राफ्टमध्ये सहा जण, आणि तुम्ही पुढे तुमच्या एकट्याच्या लहान होडीत, वाट दाखवायला. धरणातून पाणी सोडलेलं होतं, नदी रोजच्यापेक्षा हातभर वर होती.

नदीच्या मधोमध बसलेल्या त्या मोठ्या खडकाला तुम्हीच सासू नाव दिलं होतं. शबानाभाभींना कळल्यावर त्यांनी तुम्हाला काय ऐकवलं तेही तुम्हीच हसत सांगितलं होतं. सासूच्या डावीकडून वाट अरुंद, पण मोकळी. उजवीकडून रुंद आणि गुळगुळीत दिसते, पण पाणी चढलं की तिथं पाण्याखाली खडकाची पायरी लपते. हे तुम्ही मला सांगितलं होतं. एकदा नाही, पन्नासदा. आणि त्या दिवशीही तुम्ही खालच्या अंगाला होडी थांबवून पॅडल डावीकडे धरलं होतं. मला ते दिसलं होतं.

हे मी आज लिहून ठेवते. मला दिसलं होतं. मला वाटलं, आज पाणी एवढं आहे की पायरीवरून सहज निघून जाऊ. मागे बसून महिना झाला होता. मला वाटलं, तुम्ही मला अजून टेबलाशी बसणारी पोट्टीच समजता. मी उजवीकडे वळवलं.

राफ्ट पायरीला अडली, आडवी झाली आणि सासूच्या अंगावर जाऊन चिकटली. मागून पाणी चढलं. राफ्ट कुशीवर उभी राहिली आणि उलटली. मी वर आले तेव्हा डोकी मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजली. पाचच.

सहाव्या सुनंदा मॅडम. पन्नाशीच्या, गणित शिकवणाऱ्या, सकाळी फॉर्म भरताना मला म्हणाल्या होत्या की घरी कोणालाच सांगून आले नाही. मी उलट्या राफ्टखाली शिरले. आत वीतभर हवा होती, त्यात त्यांचं तोंड होतं, डोळे सताड उघडे. बाजूचा दोर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि सोडत नव्हत्या. मी एकेक बोट उकललं. एक बोट दुखावलं माझ्याकडून. मग जॅकेटच्या खांद्याला धरून त्यांना खाली दाबलं, बाहेर ओढलं. तोवर तुम्ही बाकीच्या पाच जणांना दोर टाकून काठाला घेतलं होतं.

काठावर मॅडमना उलटी झाली, ओठ फुटला होता. शिक्षकांचा घोळका जमला. कोणीतरी ओरडलं, "हे कसं झालं? कोणाची चूक?" मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आधी तुम्ही बोललात.

"माही. मीच हिले उजवीकडून जाय म्हणलं."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी तुम्हाला जे सुनावलं ते सगळ्या काठाने ऐकलं. वय झालं तर घरी बसा म्हणाल्या. लोकांच्या जिवाशी खेळता म्हणाल्या. पोलिसात जाईन म्हणाल्या. आणि मग वळून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "या पोरीमुळे मी आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भाई. तुम्ही मान खाली घालून दोर गुंडाळत होतात आणि माझ्यासाठी टाळ्या.

मी गप्प राहिले. ही माझी दुसरी चूक, आणि ही तुमच्यावर ढकलता येत नाही.

त्याच दुपारी राफ्ट उन्हात पालथी टाकल्यावर मी तुम्हाला विचारलं, "खोटं कायले बोलले तुम्ही?"

"पट्टी दे. इथून हवा जाऊन राह्यली."

"भाई, मी विचारून राह्यली."

तुम्ही पंक्चरची जागा घासत बसलात. पुसदला वडिलांच्या टायरच्या दुकानात शिकलेला तो हात, राफ्ट काय आणि ट्रकची ट्यूब काय, सारखाच चालायचा. हात न थांबवता म्हणालात, "माही चूक झाली तं लोक म्हणतात, युनुस चुकला. तुही चूक झाली तं म्हणतात, बायांले काय जमते हे. उद्या तुह्या मागून एखादी पोट्टी आली तं तिले कोणी बसू देणार नाही. म्हणून बोललो. आता पट्टी दे."

तुम्हाला वाटलं, विषय संपला. तुमचं म्हणणं खरं होतं हे सगळ्यात जास्त झोंबलं. पण मग मी काय करायचं? माझी चूकसुद्धा तुम्ही घेऊन गेलात. मी म्हटलं, "तुम्ही मला वाचवलं नाही. तुम्ही मला गप्प बसवलं." तुम्ही म्हणालात, "दोन हप्ते मागं बसू नको. पुढं बसून पाहजो." म्हणजे शिक्षा केलीत, पण गुपचूप. लोकांसमोर मी शूर आणि तंबूमागे मी शिक्षेवर. ते दोन हप्ते मी पुढे बसले, आणि कामापुरते शब्द सोडले तर तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही.

आता मला ते सांगायचं आहे जे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तुम्ही मोटारसायकलला किक मारली की मी रोज म्हणायचे, "भाई, हेल्मेट." तुम्ही "रस्ता का पाणी आहे" असं पुटपुटत ते डोक्यात घालायचात, आणि नाल्याच्या वळणापलीकडे गेलात की काढून हँडलला अडकवायचात. मला माहीत होतं. वळणावर राहणाऱ्या स्वयंपाकाच्या कमलामावशींनी मला कधीचंच सांगितलं होतं. तरी मी रोज म्हणायचे आणि तुम्ही रोज घालायचात.

त्या सकाळी आपला अबोला चालूच होता, आणि तुम्ही राफ्टचा व्हॉल्व्ह दुरुस्त करायला पुसदला, भावाच्या दुकानात निघाला होतात. मी दुसऱ्या राफ्टमध्ये हवा भरत होते. तुम्ही किक मारलीत. गाडी सुरू करून तुम्ही थोडं थांबलात असं मला वाटतं. इंजिन गरम करत असाल. मी मान वर केली नाही.

मी म्हटलं असतं तर तुम्ही वळणापर्यंत घातलं असतं, आणि पुढे तेच झालं असतं. हे मी स्वतःला रोज सांगते. हिशोब बरोबर आहे. तरी त्याने काही होत नाही. दोष देऊ तर कोणाला? तुम्हालाच देते. तुम्ही त्या दिवशी काठावर गप्प बसला असतात तर आपलं भांडण झालं नसतं, आणि भांडण झालं नसतं तर मी मान वर केली असती.

सुनंदा मॅडमना तुम्ही गेल्याचं दुसऱ्याच आठवड्यात कळलं. बसने कॅम्पवर आल्या, बोटाला अजून पट्टी होती. म्हणाल्या, त्या दिवशी मी फार बोलले त्यांना, मनाला लागून राहिलंय. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. पॅडल दिसलं होतं, तरी मी वळवलं होतं.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे बेटा. त्या उठल्या.

"म्हणजे ज्या माणसाचे आभार मानायचे त्याले मी पोलिसाची धमकी दिली, अन् जिले झापायचं तिचे हात धरून रडली. आणि तू ऐकून घेतलं?"

"हो."

"तेव्हा काहून नाही सांगितलं?"

 त्या तंबूबाहेर जाऊन नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, निघून जातील. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाल्या, "त्यांचं घर कुठं आहे?"

आम्ही दोघी एस.टी.ने पुसदला गेलो. भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. ओसरीतल्या पलंगावर बसल्या होत्या. मॅडमनी हात जोडले आणि माफी मागायला सुरुवात केली. भाभींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माफी मले नोको मागू बाई. मी का तिथं होती? मले तं त्यानं त्यातलं काहीच नाही सांगितलं. राफ्ट उलटली तेही आत्ता तुमच्याच तोंडून ऐकून राह्यली."

"काहीच नाही?"

"घरी आला, म्हणला कान दुखून राह्यला. मी तेल गरम करून टाकलं. मले काय माहीत, लोकाचं ऐकून ऐकून कान दुखला."

मॅडमना हसू आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मग भाभीही हसल्या, आणि मग बोलत्याच झाल्या. ऋषिकेशची नोकरी सोडून आलात ती त्यांना न विचारता. आलात ते सामानात एक फाटकी राफ्ट घेऊन, आणि ती दोन महिने घरात पसरली होती, पाहुण्यांना तिच्यावरून उडी मारून यावं लागायचं. रक्तदाबाच्या गोळ्या खिशात ठेवून घेतल्या म्हणायचात, धुवायच्या शर्टात सापडायच्या. मी माझं सांगितलं, खडकावर बसवलं होतं ते, कांदा चिरत होतात ते. मॅडम म्हणाल्या, सकाळी माझं जॅकेट त्यांनी इतकं आवळलं की श्वास घेता येईना, मी चिडले तर म्हणाले, श्वास येतो म्हणजे सैल आहे. दोन वेळा चहा झाला. तिघींनी मिळून दुपारभर तुमच्या तक्रारी केल्या, भाई. तुम्ही गेल्यापासून मला पहिल्यांदा भूक लागली ती त्या ओसरीत.

निघताना भाभी मला म्हणाल्या, "आता काय करशील?" मी म्हटलं, माहीत नाही.

मालकांनी दोन रस्ते ठेवले होते. बाहेरून गाइड आणायचा, नाहीतर हंगाम इथंच बंद करायचा. मी म्हटलं, मी नेते. ते म्हणाले, "लोकाले काय सांगू? राफ्ट उलटल्याचं सगळ्याइले माहीत आहे." मी म्हटलं, लोकांना मी सांगते.

परवा पुसदहून सहा जण आले. काठाला लावलेल्या राफ्टमध्ये बसवून मी त्यांची हेल्मेटं, जॅकेटं तपासली. पडलं तर काय करायचं, दोर कसा धरायचा आणि कधी सोडायचा, सांगितलं. मग म्हटलं, "सप्टेंबरात याच नदीवर माझी राफ्ट उलटली. मला डावीकडून जायला सांगितलं होतं, मी उजवीकडून गेले. एक बाई राफ्टखाली अडकल्या होत्या. चूक माझी होती. त्या दिवशी दुसऱ्याने ती स्वतःवर घेतली. आज ज्यांना उतरायचं असेल त्यांनी उतरावं, मला वाईट वाटणार नाही."

वाईट वाटलं. दोघं उतरले. एक जण दुसऱ्याला म्हणाला ते मला ऐकू आलं, बायांले काय जमते हे. तुम्ही म्हणाला होतात तसंच, अगदी त्याच शब्दांत. त्याबाबतीत तुमचं बरोबर होतं, घ्या. पण चौघं बसून राहिले, त्यात दोन बाया होत्या, आणि त्यांच्यातली एक माझ्याकडे वळून म्हणाली, "चला."

मी मागे बसले. पुढे तुमची लहान होडी नव्हती, वाट दाखवणारं कोणी नव्हतं. सासूच्या डावीकडून गेले. आता पाणी उतरलंय, आणि पाणी उतरलं की डावीकडच्या शेवटच्या कोपऱ्यात धार एकदम आत, खडकाखाली ओढते. राफ्टचं मागचं टोक मी कसंबसं सोडवून घेतलं. दोन्ही खांदे अजून दुखताहेत. सहा हंगाम तुम्ही तिथून गेलात, तुम्हाला हे माहीत नव्हतं असं होणारच नाही. पुढे तुम्ही असायचात, म्हणून मला ते कधी पाहावंच लागलं नाही. उजवीकडचं पन्नासदा सांगितलंत. डावीकडचं हे एकदा तरी सांगायचं होतं ना, भाई.